१ विजय, २० पराभव: १९१६च्या अ‍ॅथलेटिक्सचा जॅक नेबर्स खरंच इतका वाईट होता का?

तापीकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी. शाळा-कॉलेजच्या सॉफ्टबॉल खेळणाऱ्या पोरापोरींसाठी स्कोअरशीट वाचण्याचं एक सत्र बसवायचं आहे. क्रिकेटचा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) नावापुढे विजय आणि पराभव का लिहितात हे बऱ्याच जणांना उमगत नाही. संघ हरला की पिचरच्या डोक्यावर खापर फोडायचं, एवढंच माहीत असतं.

म्हणून एक टोकाचं उदाहरण निवडलंय. १९१६चा फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्स: ३६ विजय, ११७ पराभव. त्यातला पिचर जॅक नेबर्स: १ विजय, २० पराभव. अलाबामाचा माणूस, जन्म १८८७चा. १९१५ ते १९१७ एवढीच कारकीर्द, एकूण १ विजय आणि २५ पराभव. १९२३मध्ये वारला. आज बेसबॉल पाहणाऱ्यांनाही हे नाव सांगता येत नाही.

विचारायचंय ते असं. यात नेबर्सचा वाटा किती आणि संघाचा किती, हे कागदावर वेगळं कसं काढायचं? हिशेबात पोरं हमखास कुठे चुकतील? आणि हीच रीत आपल्या सात इनिंगच्या सॉफ्टबॉलला जशीच्या तशी चालेल का? ‘संघभावना’ वगैरे भाषण नको, आकडेमोड हवी.

स्कोअरर_धुळे

भाऊ, उदाहरण चांगलं निवडलंत. आधी पाया पक्का करून घ्या, नाहीतर पुढचं सगळं घसरेल.

पराभव कोणाच्या नावावर जातो? समोरच्या संघाने ज्या रनने आघाडी घेतली आणि ती शेवटपर्यंत सुटली नाही, त्या रनची जबाबदारी ज्या पिचरवर, त्याच्या नावावर. तो रन शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरच्या) हातातून चेंडू सुटल्यामुळे, म्हणजे एररमुळे, आला का, हे इथे पाहिलंच जात नाही. पोरांना हेच आधी सांगा, कारण ‘एरर झाला म्हणजे पिचर सुटला’ असं ते धरून चालतात. एररमुळे पिचर सुटतो तो ईआरएमध्ये (अर्न्ड रन, म्हणजे फिल्डरच्या चुकीशिवाय आलेले रन, यांच्या सरासरीत), पराभवात नाही.

जबाबदारीचंही नीट समजवा. ‘अ’ पिचरने दोन खेळाडू बेसवर ठेवून मैदान सोडलं आणि ‘ब’ आल्याआल्या हिट खाऊन ते दोघं घरी आले, तर ते दोन्ही रन ‘अ’च्या खात्यात. गावोगावच्या शीटवर हे रन सर्रास ‘ब’च्या नावावर चढवलेले दिसतात.

विजयासाठी अट वेगळी आहे. आजच्या नियमाने बेसबॉलमध्ये सुरुवातीच्या पिचरला निदान पाच इनिंग टाकाव्या लागतात. सात इनिंगच्या सॉफ्टबॉलमध्ये चार. १९१६मध्ये मात्र असा लेखी नियमच नव्हता, तो १९५० साली आला. तोवर विजय कोणाला द्यायचा हे अधिकृत स्कोअररच्या समजुतीवर चालायचं. त्यामुळे त्या काळचा विजय-पराभवाचा आकडा आजच्या आकड्याशेजारी ठेवताना जरा सैल हातानेच धरावा.

आता ईआरए. अर्न्ड रन गुणिले ९, भागिले टाकलेल्या इनिंग. नेबर्सने १९१६मध्ये २१२.२ इनिंग टाकल्या, ईआरए ३.४७. इथे पहिला खड्डा: २१२.२ म्हणजे दोनशे बारा पूर्णांक दोन दशांश नव्हे. दोनशे बारा इनिंग आणि वर दोन आउट, म्हणजे २१२ पूर्णांक दोन तृतीयांश. क्रिकेटमध्ये १२.३ षटकं म्हणजे साडेबारा षटकं, तसंच. कॅल्क्युलेटरमध्ये टाकायचं २१२.६६७. मोठ्या आकड्यात फरक किरकोळ पडतो, छोट्यात नडतो. तुमच्या पोरीने ५.२ इनिंगमध्ये ३ अर्न्ड रन दिले असतील तर सात इनिंगच्या हिशेबाने बरोबर उत्तर ३.७१. तेच ५.२ तसंच टाकलं तर ४.०४. स्पर्धेच्या तक्त्यात एवढ्याने क्रमांक बदलतो.

आणि सॉफ्टबॉलला ९ने नाही, ७ने गुणायचं. मोबाइलमधली बेसबॉलची अ‍ॅप आपोआप ९ धरतात. आधी सेटिंग बघा.

गिरणा_खोरे (चाळीसगाव)

नेबर्सच्या आधी त्याचा संघ बघा. १९१४मध्ये हाच अ‍ॅथलेटिक्स ९९ सामने जिंकून अमेरिकन लीगचा विजेता होता. वर्ल्ड सिरीजमध्ये बोस्टन ब्रेव्ह्‌जने त्यांना सरळ ४–० हरवलं. त्याच सुमारास फेडरल लीग नावाची तिसरी लीग उभी राहिली होती आणि खेळाडूंना दामदुप्पट पगाराची आमिषं दाखवत होती. कॉनी मॅक हा संघाचा मॅनेजर आणि मालकांपैकीही एक. त्याला ते पगार परवडेनात, शिवाय जिंकूनही मैदान भरत नव्हतं. चीफ बेंडर आणि एडी प्लँक हे दोन मुरलेले पिचर फेडरल लीगकडे गेले. दुसऱ्या बेसवरचा एडी कॉलिन्स ५०,००० डॉलरला शिकागो व्हाइट सॉक्सला विकला. शॉर्टस्टॉप जॅक बॅरी बोस्टन रेड सॉक्सला गेला. तिसऱ्या बेसवरचा होमरन बेकर पगारावरून अडला, १९१५चं अख्खं वर्ष घरी बसला आणि मग यांकीजकडे विकला गेला. पहिल्या बेसवरचा स्टफी मॅकिनिस तेवढा उरला. इनफिल्डच्या चारांपैकी तिघं गेले.

हे पिचरसाठी महत्त्वाचं का, तर जमिनीवरून येणारे बहुतेक चेंडू या चौघांकडेच जातात. १९१६ला त्यांच्या जागी कोण होतं? शॉर्टस्टॉपला व्हायटी विट, पहिलंच वर्ष: ७८ एरर. तिसऱ्या बेसवर चार्ली पिक: ४२ एरर. दुसऱ्या बेसवर नॅप लाजवे. खेळाडू म्हणून थोर, पण वय ४१ आणि हा त्याचा शेवटचा हंगाम. संघाचे मिळून ३१४ एरर, म्हणजे दर सामन्याला दोन. तेव्हाचे ग्लोव्ह्ज लहान आणि मैदानं खडबडीत, त्यामुळे एरर सगळ्यांचेच आजच्यापेक्षा जास्त असत. तरीही हे फारच झालं.

तुमच्या सत्रासाठी याहून कामाचा आकडा पुढे आहे. संघात चार मुख्य पिचर: जो बुश १५–२४, एल्मर मायर्स १४–२३, नेबर्स १–२०, टॉम शीहन १–१६. संघाच्या ३६–११७मधून बुश आणि मायर्स बाजूला काढा. उरतात ७ विजय आणि ७० पराभव! या दोघांखेरीज ज्याने ज्याने चेंडू हातात घेतला त्या सगळ्यांची मिळून ही कमाई. त्यातून नेबर्स आणि शीहनही काढले तर बाकीच्यांचे ५–३४. नेबर्स एकटाच खड्ड्यात होता असं चित्र यातून दिसत नाही.

बिनकामाचे_आकडे (भुसावळ)

गिरणाभाऊंचा ७–७० जपून वापरा. तो खरा आहे, पण त्यावरून ‘बुश आणि मायर्स चांगले, बाकी टाकाऊ’ असं पोरं ठरवून टाकतील. तेवढ्यासाठी हे तीन आकडे एकाखाली एक फळ्यावर लिहा:

मायर्स: ईआरए ३.६६, १४–२३
शीहन: ईआरए ३.६९, १–१६
नेबर्स: ईआरए ३.४७, १–२०

तिघांत ईआरए नेबर्सचाच कमी, तरी मायर्सच्या विजयांना चौदाने भागावं तेव्हा नेबर्स निघतो. मायर्स आणि शीहन यांच्यात तर तीन शतांशाचा फरक, आणि विजय १४ विरुद्ध १. (बुशचा २.५७ आहे. तो खरंच वेगळ्या दर्जाचा होता. त्याच वर्षी २६ ऑगस्टला त्याने क्लीव्हलंडविरुद्ध नो-हिटर (एकही हिट न देता पूर्ण सामना) टाकला. त्याला या तुलनेत घेऊ नका.)

आता वाटा वेगळा काढण्याची रीत. संघाने वर्षभरात ४४७ रन केले आणि ७७६ दिले. बेसबॉलमध्ये एक ढोबळ सूत्र वापरतात: केलेल्या रनांचा वर्ग, भागिले दोन्ही वर्गांची बेरीज. ४४७चा वर्ग १,९९,८०९. ७७६चा वर्ग ६,०२,१७६. भागाकार ०.२४९. १५३ सामन्यांना गुणलं की ३८ विजय. प्रत्यक्षात ३६. म्हणजे संघ म्हणून त्यांचं नशीब फारसं फुटलेलं नव्हतं, ते होतेच तसे. सामन्याला तीनाच्या आत रन करायचे आणि पाच द्यायचे, मग दुसरं काय होणार?

नेबर्सकडे या. संघाच्या सरासरीने, म्हणजे ०.२३५ने, २१ निकालांत ५ विजय यायला हवेत. आला १. निव्वळ नशिबाने असं होण्याची शक्यता काढली तर शंभरात तीनहून कमी भरते. पण तुलना बुश-मायर्स सोडून इतरांशी केली (नेबर्स वगळून ६–५०, म्हणजे ०.१०७), तर २१मध्ये १ किंवा ० विजय येण्याची शक्यता साधारण तीनात एक. तोच माणूस, तेच आकडे, मापाची पट्टी बदलली की निष्कर्ष बदलतो. पोरांना दोन्ही करायला लावा.

तिसरी पट्टी: हाच पिचर मध्यम संघात असता तर? १९१६ला अमेरिकन लीगचा सरासरी ईआरए २.८च्या आसपास. नेबर्सचा त्याच्या सव्वापटीच्या जरा आत. वरच्याच सूत्रात केलेले रन १ आणि दिलेले १.२३ धरा: ०.३९८ येतात. २१ निकालांत आठ विजय, तेरा पराभव. यात त्याच्यामागची फिल्डिंग सुधारल्याचा फायदा धरलेलाच नाही.

एक सूचना. हे सूत्र एका स्पर्धेच्या चार-पाच सामन्यांवर लावायला जाऊ नका. एक सामना १४–० झाला की सगळं उत्तर वाकडं होतं.

तापीकाठ (जळगाव)

तीन आकडे फळ्यावर, हे ठरलं. ७–७० त्यानंतर.

एक शंका राहिली. नेबर्सबद्दल शीहनने पुढे सांगितलेला एक किस्सा बऱ्याच ठिकाणी दिसतो. बोस्टनविरुद्ध नेबर्स १–० पुढे, नववी इनिंग, तोवर हिटही दिलेला नाही. पहिला बॅटर आउट. मग विटचा एरर, पुढच्याला वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकट पहिला बेस), हॅरी हूपरचा लेफ्टला सिंगल. लेफ्टफिल्डमधून वॉली शँगने घरी अचूक थ्रो केला, पण नवख्या कॅचरच्या हातून चेंडू निसटला. १–१. दुसरा रनर तिसऱ्या बेसवर पोचला. आणि नेबर्सने पुढचा चेंडू मुद्दाम बॅटरच्या डोक्यावरून कुठच्या कुठे भिरकावला. रन आला, सामना २–१ गेला. नंतर कारण काय दिलं, तर हे लोक आणखी एक रन काढणार नाहीत, मग मी आणखी नऊ इनिंग कशाला टाकू!

हा सत्रात सांगावा का? आणि यातले अर्न्ड रन किती?

स्कोअरर_धुळे

सांगा, पण ‘शीहनने सांगितलेला’ असं म्हणूनच. बऱ्याच वर्षांनी एका सहकाऱ्याने रंगवून सांगितलेली गोष्ट आहे. तपासायची रीत पोरांनाच द्या: रेट्रोशीटवर (जुन्या सामन्यांच्या नोंदींची वेबसाइट) १९१६चे बॉक्स-स्कोअर आहेत. नेबर्स विरुद्ध बोस्टन एवढेच सामने काढायचे, त्यांत २–१ हा निकाल शोधायचा, मग हिट किती, शँग त्या दिवशी लेफ्टला होता की कॅचर, खाली वाइल्ड पिचच्या (कॅचरला धरता न येण्याइतक्या भरकटलेल्या चेंडूच्या) ओळीत नेबर्स आहे का, हे क्रमाने बघायचं. शँग त्या वर्षी दोन्ही जागी खेळला आहे, त्यामुळे तो मुद्दा कामाचा ठरतो. आठवणीतल्या गोष्टीत दोन-तीन सामने एकात मिसळणं नेहमीचं.

मात्र स्कोअरिंगचा सराव म्हणून ही इनिंग सोन्यासारखी आहे. गोष्ट जशी सांगितली तशी धरून सोडवू.

अर्न्ड रन काढताना एरर आणि पास्ड बॉल (कॅचरने धरायला हवा होता पण सुटला असा चेंडू) पुसून इनिंग पुन्हा उभी करायची. एक आउट झाला. विटचा एरर नसता तर दुसरा आउट झाला असता; तो रनर हिशेबात बेसवर नाहीच. म्हणून त्याने केलेला पहिला रन अनर्न्ड, यात वाद नाही. मग वॉक, हा खरा रनर, पहिल्या बेसवर. हूपरचा सिंगल.

आता प्रश्न असा, की वॉकवाला रनर सिंगलवर दुसऱ्या बेसपर्यंत गेला असता की तिसऱ्या? कॅचरच्या चुकीमुळे त्याला तिसरा बेस मिळाला असेल, तर पुन्हा उभ्या केलेल्या इनिंगमध्ये तो दुसऱ्यावर आहे. वाइल्ड पिचवर तो तिसऱ्यावर जातो, घरी येत नाही. दुसरा रनही अनर्न्ड. खात्यात अर्न्ड रन शून्य, पराभव एक!

पण चेंडू घराकडे येत असतानाच तो आपल्या पायाने तिसऱ्याकडे निघालेला असेल आणि कॅचरने चेंडू पकडला असता तरी पोचला असता, तर वाइल्ड पिचवर आलेला तो रन अर्न्ड. कारण वाइल्ड पिच ही पिचरचीच चूक, ती पुसली जात नाही. पास्ड बॉल कॅचरची, ती पुसली जाते. शंका असेल तर फायदा पिचरला द्यायचा, असा संकेत आहे.

इथे पोरं तीन ठिकाणी अडकतात. पहिलं, पुसायची ती फक्त एररची नोंद. संथ धावणं, चुकीच्या बेसवर थ्रो टाकणं हे मनात कितीही खटकलं तरी ती एररची नोंद नव्हे. दुसरं, डबल प्ले गृहीत धरायचा नाही. एक आउट मिळाला आणि दुसरा हुकला, तर तो दुसरा ‘झालाच असता’ असं धरून इनिंग संपवता येत नाही. थ्रोच भरकटून रनरला जादा बेस मिळाला तर गोष्ट वेगळी. तिसरं, दोन आउट असताना एरर झाला की पुसलेल्या हिशेबात इनिंग तिथेच संपली. त्यानंतर त्या पिचरने पाच हिट खाल्ले तरी सगळे रन अनर्न्ड. यामुळे काही पिचरांचा ईआरए फुकटात सुंदर दिसतो, म्हणून ईआरएशेजारी एकूण दिलेले रनही लिहायचे. दोहोंतला फरक मोठा असेल तर मागची फिल्डिंग बघायला जा.

सॉफ्टबॉलमध्ये एक जादा गोष्ट: टायब्रेकरमध्ये दुसऱ्या बेसवर जो रनर ठेवून इनिंग सुरू होते, त्याचा रन अनर्न्ड. पराभव मात्र पिचरच्याच नावावर.

सातपुड्याचा_पायथा (नंदुरबार)

सगळं वाचलं. एक विरोधी सूर लावतो. नेबर्सला बिचारा करून टाकू नका. बुशने तोच विट, तोच लाजवे मागे असताना २.५७ काढला. लीगच्या सरासरीपेक्षा नेबर्स खालीच होता आणि त्या वर्षानंतर मोठ्या लीगमध्ये त्याला जेमतेम दोन सामने मिळाले. उत्तर मधलं आहे: साधारणापेक्षा जरा कमी पिचर, असाधारण वाईट संघ, आणि वर थोडं नशीब. २२ एप्रिलला बोस्टनला ६–२ हरवलं तो एकमेव विजय, त्यानंतर सलग १९ पराभव. १९०९मध्ये वॉशिंग्टनच्या बॉब ग्रूमचेही एकाच हंगामात सलग १९ झाले होते, पण त्याच्या नावावर निदान ७ विजय होते.

बाकीची लीग मात्र तोलामोलाची होती, हे जरूर दाखवा. सातव्या क्रमांकाच्या वॉशिंग्टनचे विजय ७६, आठव्या अ‍ॅथलेटिक्सचे ३६. शेवटून पहिल्या आणि दुसऱ्यात चाळीस सामन्यांची दरी. त्याच सातव्या संघात वॉल्टर जॉन्सन होता: २५ विजय, २० पराभव, ईआरए १.९०. पराभवांचा आकडा जॉन्सनचाही २०, नेबर्सचाही २०! फळ्यावर फक्त पराभवांचा रकाना उघडा ठेवा आणि दोघांतला भारी पिचर ओळखायला सांगा. पोरं बरोबर घोटाळ्यात पडतील.

ईआरएवरही आंधळा विश्वास नको. चाळिशी ओलांडलेला फिल्डर ज्या चेंडूपर्यंत पोचतच नाही, त्याला एरर लागत नाही. तो हिट लिहिला जातो आणि पिचरच्या ईआरएत जातो. आळशी फिल्डरमागे एरर कमी आणि चपळ फिल्डरमागे जास्त, हे म्हणूनच दिसतं. उपाय सोपा आहे. शीटवरून आणखी एक संख्या काढा: मैदानात आलेल्या चेंडूंपैकी किती चेंडूंवर आउट मिळाला. मैदानात आलेले चेंडू म्हणजे एकूण बॅटर, वजा वॉक, वजा अंगाला लागून बेस मिळालेले, वजा स्ट्राइकआउट, वजा होमरन. दोन पिचर एकाच संघातले असून हा आकडा एकीचा फार कमी असेल, तर तिच्या दिवशी मैदानावर कोण उभं होतं ते तपासा.

आता आपल्याकडचं. काळ्या मातीचं मैदान एप्रिल-मेमध्ये भेगाळतं, चेंडू भेगेच्या काठावर आपटून तोंडावर उडतो. त्याला एरर द्यायचा नाही, हिटच द्यायचा. सामान्य प्रयत्नाने धरता आला असता का, हीच कसोटी. मुरूम टाकून रोलर फिरवलेलं इनफिल्ड आणि तसंच सोडलेलं मैदान यांतले ईआरए शेजारी ठेवू नका. शीटच्या डोक्यावर मैदानाची नोंद करायला लावा: मुरूम, काळी, गवत. शिवाय सॉफ्टबॉलमध्ये बेसमधलं अंतर ६० फूट, बेसबॉलमध्ये ९०. शॉर्टस्टॉपने चेंडू एकदा चाचपडला की आपल्याकडे बॅटर पोचलीच. स्कोअररने ‘तरी थोडक्यात हुकलं’ म्हणून हिट देऊन टाकली तर पिचरचं नुकसान.

जोडीला दुसरं उदाहरण हवं असेल तर १८९९चा क्लीव्हलंड स्पायडर्स आहे, २०–१३४, त्यात जिम ह्यूई ४–३०. पण तिथे मालकांच्या हातात सेंट लुइसचाही संघ होता आणि त्यांनी सगळे चांगले खेळाडू तिकडे हलवले होते. तो अपघात नव्हताच, म्हणून सत्रासाठी कमी उपयोगाचा. त्यापेक्षा १९६२चा न्यूयॉर्क मेट्स घ्या, ४०–१२०. रॉजर क्रेग १०–२४, ईआरए ४.५१. त्याच संघातला केन मॅकेन्झी ५–४, ईआरए ४.९५. जास्त रन देणारा मॅकेन्झी हा त्या अख्ख्या संघात विजय पराभवांपेक्षा जास्त असलेला एकटा पिचर. तो बहुतेक मधूनच यायचा, क्रेग बऱ्याचदा सुरुवातीपासून टाकायचा. जबाबदारीचा नियम आणि ही जोडी एकत्र शिकवा.

तापीकाठ (जळगाव)

जॉन्सन-नेबर्सचं कोडं सुरुवातीलाच घेतो. क्रम असा धरलाय: पराभवांचा एकटाच उघडा रकाना, मग मायर्स-शीहन-नेबर्स, मग शीहनची नववी इनिंग पोरांकडून सोडवून घ्यायची, शेवटी आपल्याच एका सामन्याची शीट.

शीटवर पिचरच्या ओळीत कोणते रकाने ठेवू? आणि पिचरने स्वतःच चेंडू सोडला तर?

स्कोअरर_धुळे

टाकलेले आउट (इनिंग नव्हे, नुसते आउट, शेवटी ३ने भागा, म्हणजे.१-.२चा घोळच नको), समोर आलेले बॅटर, हिट, होमरन, वॉक, अंगाला लागलेले, स्ट्राइकआउट, एकूण रन, अर्न्ड रन, वाइल्ड पिच. आणि एक रकाना वेगळा: ती मैदानात असताना आपल्या संघाने केलेले रन. हा कोणी ठेवत नाही, आणि मायर्स-नेबर्सच्या फरकाचं उत्तर शोधायला नेमका तोच लागतो. पिचर बदलली की रेघ मारून त्या वेळचा स्कोअर तिथेच लिहायचा, सामन्यानंतर आठवून नाही.

पिचरने स्वतः सोडलेला चेंडू हा इतर फिल्डरांसारखाच एरर. त्यातून आलेला रन अनर्न्ड, चूक तिचीच असली तरी. पोरं यावर वाद घालतील. घालू द्या, नियम तसाच आहे. फक्त तो एरर तिच्या फिल्डिंगच्या ओळीत चढवायला विसरू नका, नाहीतर ती चूक शीटवरून गायबच होते. आणि शेवटी आउट, रन आणि बेसवर उरलेले यांची बेरीज बॅटरांच्या संख्येशी जुळवून बघा. ती जुळली पाहिजे. टायब्रेकर झाला असेल तर ठेवलेला रनर त्या बेरजेतून वजा करून बघा.